स्पर्धेची एअर रायफल पारखताना: पालक आणि नवे नेमबाज हमखास विचारतात ते प्रश्न

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं ब्राँझ जिंकलं आणि त्या आठवड्यापासून माझा फोन थांबेना. "सर, एक जुनी रायफल मिळतेय, घेऊ का?" क्लबच्या रायफलींचं कपाट सांभाळण्यात आणि त्या खोलून पुन्हा बसवण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून लोक मला विचारतात. मी रायफली विकत नाही, कुणाकडून कमिशन घेत नाही. फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदा लिहूनच काढलं.

स्वप्नीलनं वापरली तीच रायफल आमच्या मुलीला घ्यायची का?

नाही. त्याचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशन. त्याला .२२ ची काडतुसाची रायफल लागते आणि तिला शस्त्र परवाना लागतो. शाळकरी मुलं सुरुवात करतात ती १० मीटरवर, ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलीनं. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर गनला परवान्याची गरज नाही. मात्र विकत घेताना ओळखपत्र द्यावं लागतं. स्पर्धेच्या एअर रायफलीची ताकद साधारण साडेसात ज्यूल असते, म्हणजे ती या मर्यादेच्या बरीच आत बसते. जर्मन रायफलीवर पंचकोनात कोरलेलं एक अक्षर दिसतं, ते याच साडेसात ज्यूलच्या मर्यादेची खूण.

अमेरिकेतले आमचे नातेवाईक 'मॉडर्न स्पोर्टिंग रायफल' म्हणतात, ती हीच का?

तो शब्द तिथल्या शस्त्र उद्योगानं एआर-१५ धर्तीच्या अर्धस्वयंचलित रायफलींसाठी रुजवला. आपल्या रेंजवरच्या नेमबाजीशी तिचा संबंध नाही. तिच्याविषयीचे व्हिडिओ बघून एअर रायफल पारखायला जाऊ नका, सगळे निकष वेगळे आहेत.

चांगली रायफल म्हणजे नेमकं काय?

दर वेळी तेच करणारी. पहिल्या गोळीला जे केलं तेच साठाव्या गोळीला, जानेवारीत जे केलं तेच जुलैत. तुम्ही पैसे मोजता ते या सारखेपणाचे.

थोडं गणित करू, कारण इथेच बहुतेकांचा गैरसमज असतो. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी, साडेचार मिलिमीटरची. पेलेटची कड त्या ठिपक्याला टेकली की १०.०. म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत असला की दहा मिळाले. त्यापुढे मध्याकडे सरकताना दर पाव मिलिमीटरला एक दशांश वाढतो, अगदी मध्यात १०.९. साठ गोळ्या, कमाल ६५४. पात्रता फेरीत ६३० मारणारा नेमबाज सरासरी १०.५ मारत असतो, म्हणजे मध्यापासून साधारण सव्वा मिलिमीटरवर.

आता रायफलीकडे या. स्पर्धेची चांगली रायफल शिकंज्यात धरून दहा गोळ्या झाडल्या तर सगळ्यांचं मिळून एकच भोक पडतं. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ते पाच मिलिमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे एका पेलेटपेक्षा जेमतेम मोठं. समजा तुमच्या जुन्या रायफलीचं भोक सात मिलिमीटर आलं. तरी तिची सगळ्यात वाईट गोळी मध्यापासून सव्वा मिलिमीटरवर, म्हणजे १०.५. मुलगा सरासरी ९.५ मारत असेल तर त्याच्या गोळ्या पावणेचार मिलिमीटर लांब जातायत. त्यातला रायफलीचा वाटा किती, तुम्हीच काढा.

म्हणून सात मिलिमीटरचं भोक पाडणारी रायफल मी नवशिक्यासाठी बिनदिक्कत घेतो, पण आज पाच आणि उद्या नऊ मारणारी घेत नाही.

जुनी रायफल घेताना सगळ्यात आधी काय बघू?

सिलिंडरवरची तारीख. रंग, स्टॉक (खांद्याला-गालाला टेकणारा सांगाडा), नाव, डबा, सगळं त्यानंतर.

आजकालच्या रायफलीत आधीच दाबून भरलेली हवा असते, साधारण २०० बार. ती साठवणाऱ्या सिलिंडरवर निर्मितीचा महिना-वर्ष किंवा वैधता कोरलेली असते. बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात. मुदत उलटलेला सिलिंडर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे स्पर्धेत चालत नाही आणि तो तपासण्याची जबाबदारी खेळाडूची. शिवाय २०० बार म्हणजे गाडीच्या टायरच्या जवळजवळ शंभरपट दाब, आणि तो मुलीच्या डाव्या हाताजवळ असतो. इथे "अजून चालतोय की" हे उत्तर नाही.

मी स्वतः यात फसलोय. क्लबसाठी एक देखणी रायफल घेतली, विकणाऱ्यानं नवा कोरा डबा, पुसलेली नळी, सगळं दाखवलं. सिलिंडर काढून तारीख बघायचं मला सुचलं नाही. स्पर्धेच्या सामान तपासणीत पोराला बाजूला काढलं तेव्हा कळलं, मुदत तीन वर्षांपूर्वीच संपलेली. त्यानं दुसऱ्याचा सिलिंडर मागून मॅच मारली. नवीन सिलिंडरचे पैसे धरून हिशेब केला तर 'स्वस्त' रायफल बाजारभावापेक्षा महाग पडली होती.

हवा गळते का हे घरी कसं ओळखायचं?

रात्री सिलिंडरवरचा काटा बघून आकडा लिहून ठेवा, रायफल कपाटात ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. एका दिवसात काटा हलायला नको. शंका वाटली तर जोडाच्या जागी साबणाचं पाणी बोटानं लावा, बुडबुडे आले की ओ-रिंग, म्हणजे जोडातली रबरी कडी, गेली.

एक इशारा. उन्हात उभ्या गाडीतून आणलेली रायफल एसी रेंजवर ठेवली की काटा आपोआप उतरतो. ३५ अंशांवर २०० बार असलेली हवा २५ अंशांवर १९३-१९४ दाखवते. हवा कुठेही गेलेली नसते, ती फक्त गार झाली. या कारणावरून एका वडिलांनी विकणाऱ्याशी भांडण काढलं होतं, मी मध्ये पडून मिटवलं.

रेग्युलेटर बिघडलाय हे कसं कळतं?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. सगळ्यांनी विचारायला हवा.

सिलिंडरमधला दाब प्रत्येक गोळीला कमी होत जातो. तरीही दोनशेवी गोळी पहिलीइतक्याच वेगानं जाते, कारण मध्ये बसलेला रेग्युलेटर दाब खाली आणून ठरावीक ठेवतो. तो आळशी झाला की वेग वरखाली होतो. स्पर्धेच्या रायफलीतून पेलेट सेकंदाला १७० मीटरच्या आसपास निघते. त्यात ५ मीटरचा फरक पडला तर १० मीटरवर गोळी सुमारे १ मिलिमीटर वर किंवा खाली बसते. म्हणजे सरळ चार दशांश, आणि पोराचा काही दोष नाही.

तपासायला क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, लागतो. मोठ्या रेंजवर किंवा एखाद्या जाणत्या कोचकडे असतो, मागून घ्या. सिलिंडर भरलेला असताना वीस गोळ्या, मग काटा बराच खाली आल्यावर वीस. सगळ्यात जलद आणि सगळ्यात संथ गोळीत दोन-तीन मीटरपेक्षा जास्त फरक नको. नंतर रायफल दोन-तीन तास तशीच ठेवा आणि एक गोळी मारा. ही पहिलीच गोळी बाकीच्यांपेक्षा ठळकपणे जलद निघाली तर समजा की रेग्युलेटरच्या आतली बैठक झिजलीय, थांबलेल्या वेळात दाब हळूहळू पुढे झिरपतोय. विकणारे रायफल दाखवताना आधी चार-पाच गोळ्या 'गरम करायला' मारतात. मारू द्या, पण मग चहा प्यायला घेऊन जा, आणि परत आल्यावर पहिली गोळी तुम्ही मारा.

क्रोनोग्राफ नसेल तर टार्गेटवरही दिसतं. ग्रुप (टार्गेटवर पडलेल्या भोकांचा पुंजका) आडवा नीट आणि उभा लांबट येत असेल तर आधी हवेवर संशय घ्या. नेमबाजाच्या श्वासामुळेही उभा लांबतो, म्हणून हे टेकूवर ठेवूनच बघायचं.

नळी झिजली असेल तर?

बहुधा झिजलेली नसते. मऊ शिसं, मध्यम वेग, ना आग ना दारू. एअर रायफलीची नळी माणसापेक्षा जास्त टिकते. "पन्नास हजार गोळ्या मारलेली आहे" असं कुणी सांगितलं तर मी नळीचा विचारच करत नाही, मी रबराचा विचार करतो. म्हातारं होतं ते रबर.

दोनच गोष्टी बघा. नळीचं तोंड: कडेला ठोकर, ओरखडा, चपटेपणा नको. आणि गंज. कोकणातून, मुंबईतून आलेली रायफल असेल तर टॉर्च लावून बघा. साफ करायला लोखंडी दांडा घालू नका, लोकरीच्या नमद्याच्या गोळ्या मिळतात त्या झाडा. नळीत तेल ओतणाऱ्याला रायफल देऊ नका.

ट्रिगर कसा तपासू?

आधी रायफल रिकामी आहे याची खात्री, नळी टार्गेटकडे, मगच पुढचं. रेंजवरचा हा पहिला धडा घरीही लागू.

स्पर्धेच्या ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिला मऊ सरकतो, मग भिंत लागते, त्या भिंतीवर जरासा भार वाढला की सुटतो. ड्राय-फायरच्या सोयीवर (गोळी न झाडता ट्रिगर ओढण्याची सोय) टाकून वीस-तीस वेळा ओढा. भिंत दर वेळी त्याच जागी लागली पाहिजे. कधी लागते, कधी नाही, कधी दोनदा खटकते, असं झालं तर आतले भाग झिजलेत किंवा कुणीतरी स्क्रू पिळून ठेवलेत. दुसरं कारण जास्त वेळा निघतं. एअर रायफलीच्या ट्रिगरला वजनाची खालची मर्यादा नाही, पिस्तुलाला ५०० ग्रॅमची आहे. त्यामुळे हौशी लोक तो इतका हलका करून ठेवतात की वाऱ्यानं सुटावा. लहान मुलासाठी तो थोडा जड करून घ्या.

मग कॉक करून (झाडायला सज्ज करून), रिकामीच, बट म्हणजे खांद्याला टेकणारं मागचं टोक जाड गादीवर हलकेच आपटा. ट्रिगर सुटला तर ती रायफल दुरुस्त होईपर्यंत कुणाच्याही हातात द्यायची नाही. इथे सवलत नाही.

साईटमध्ये काय बिघडतं?

मागच्या डायॉप्टरचे, म्हणजे डोळ्याजवळच्या बारीक भोकाच्या साईटचे, क्लिक (फिरकीचे टप्पे). उजवीकडे वीस क्लिक द्या, डावीकडे वीस क्लिक परत, गोळी होती तिथेच बसली पाहिजे. नाही बसली तर आत ढिलाई आहे. साईट बोटानं हलवून बघा, रेलवरचे स्क्रू बघा.

साईट विश्वासू असली तरी तिच्यावर आंधळा विश्वास नको. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राची साईट फायनलच्या आधी हललेली निघाली आणि सरावाची पहिली गोळी चारवर गेली. त्यानं न घाबरता साईट परत आणली आणि सुवर्ण घेतलं. सरावाच्या गोळ्या नियमानं देतात त्या याचसाठी.

स्टॉक लाकडी घ्यावा की अ‍ॅल्युमिनियमचा?

अ‍ॅल्युमिनियम लोकांना 'प्रोफेशनल' वाटतो. खरं कारण जास्त साधं आहे: तो सगळीकडून लांब-आखूड, वर-खाली करता येतो. वाढत्या वयाच्या मुलाला हे फार उपयोगी, दर सहा महिन्यांनी त्याचे खांदे बदलतात. लाकूड हाताला गरम, आवाजाला बसकं, आणि किमतीला बहुधा कमी.

आपल्याकडे प्रश्न पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर लाकूड हवेतली ओल शोषतं, थोडं फुगतं आणि रायफलीची यंत्रणा स्टॉकला घट्ट धरणारे स्क्रू आपला ताण बदलतात. झिरो (साईटचा जुळवून ठेवलेला नेम) सरकला, ग्रुप उघडला, की पोरगं नवीन पेलेट मागतं. आधी ते स्क्रू पुस्तिकेतल्या आकड्याइतके टॉर्क पान्यानं आवळा. 'हाताच्या अंदाजानं' आवळणारे मी बरेच पाहिलेत, प्रत्येकाचा हात वेगळा असतो. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि रायफल फोमच्या पेटीत बंद करून महिनाभर विसरू नका. फोम ओल धरून ठेवतो.

अ‍ॅल्युमिनियमच्या स्टॉकला दुसरं दुखणं: जितके जोड, तितके स्क्रू. चीक पीस (गाल टेकवायचा भाग), बट प्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी), पुढच्या हातानं धरायचा भाग, प्रत्येक जोड हलवून बघा. गाल टेकवल्यावर चीक पीस केसभर जरी दबत असेल तर प्रत्येक गोळीला डोळा वेगळ्या जागी येणार.

ग्रुप तपासायची खरी पद्धत कोणती?

विकणारा उभा राहून मारून दाखवतो आणि टेन काढतो. टाळ्या वाजवा आणि मग रायफल टेकूवर ठेवायला सांगा. शिकंजा असेल तर उत्तम. तो नळीवर नाही, यंत्रणेवर धरायचा, आणि मध्ये चामडं घालायचं. नसेल तर वाळूच्या दोन पिशव्या आणि शांत डोक्याचा मोठा माणूस. पाच गोळ्यांचे ग्रुप फसवे असतात, दहाचे मारा आणि निदान तीन मारा.

नव्या रायफलीसोबत कारखान्यातलं टेस्ट कार्ड येतं, त्यावर एकच सुबक भोक असतं. जुनीसोबत ते जपून ठेवलेलं असेल तर मालक व्यवस्थित माणूस आहे असं मी धरतो. कार्डावरचा आणि रायफलीवरचा नंबर जुळतो का तेवढं बघा.

पेलेटनं इतका फरक पडतो?

पडतो. एकाच कंपनीच्या एकाच पेलेटचे ४.४९ आणि ४.५० असे डोक्याचे माप असतात आणि एका नळीला एक मानवतं, दुसरीला दुसरं. दोन-तीन मापांचे डबे आणा, प्रत्येकाचे दहाचे ग्रुप मारा, जे जुळेल त्याच लॉटचे डबे साठवा. पांढरी पूड चढलेल्या पेलेट टाकून द्या. आणि पेलेट हाताळल्यावर मुलांना साबणानं हात धुवायला लावा, डबा खाऊच्या पिशवीत नको. शिसं आहे ते.

हवा कुठून भरायची?

रेंजवरचा कॉम्प्रेसर किंवा स्कूबाचा मोठा सिलिंडर. हातपंपानंही होतं, घाम निघतो. हवा कोरडी हवी, ओलसर हवेनं सिलिंडर आतून खराब होतो. सावकाश भरा, भस्सकन भरलात तर सिलिंडर तापतो आणि काटा खोटं बोलतो. भरलेल्या सिलिंडरवर मॉडेलप्रमाणे दोनशे-तीनशे गोळ्या निघतात, त्या नेहमीपेक्षा खूपच कमी निघू लागल्या तर वर सांगितलेली गळतीची तपासणी करा.

ऑक्सिजन कधीही नाही. जवळच्या वेल्डिंगवाल्याकडून 'फक्त एकदा' सुद्धा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन ग्रीसला भेटला की स्फोट होतो.

सर्व्हिसिंग मी स्वतः करू का?

पुढची ओ-रिंग बदलणं, सिलिकॉन ग्रीसचा हलका हात, स्क्रू तपासणं, एवढं जरूर शिका. रेग्युलेटर आणि ट्रिगर खोलू नका. जुनी रायफल घेण्याआधी तिचे सुटे भाग अजून मिळतात का आणि तुमच्या शहरात ती खोलणारा कोण आहे, हे विचारा. बंद झालेल्या मॉडेलची अप्रतिम रायफल एका तीस रुपयांच्या रबरासाठी तीन महिने पडून राहिलेली मी पाहिलीय.

दुबईतला मामा येताना बॅगेतून आणू शकेल का?

कस्टम्सला अडकेल. एअर रायफल ही आयातीचे नियम असलेली वस्तू आहे. आधी जिल्हा किंवा राज्य संघटनेत विचारा, मगच मामाला सांगा. देशातल्या देशात विमानानं नेतानाही कंपनीला आधी कळवा आणि सिलिंडर रिकामा करून न्या.

मुलगा म्हणतो रायफल खराब आहे. खरं मानू?

त्याच दिवशी, त्याच पेलेटनं, ती रायफल त्याच्या कोचच्या हातात द्या. नंतर कोचची रायफल मुलाच्या हातात. वीस मिनिटांत निकाल लागतो.

बहुतेक वेळा रायफल निर्दोष सुटते. दोष निघतो तो मापात: बट लांब, चीक पीस खाली, म्हणून मान वाकडी, म्हणून डोळा दर वेळी वेगळा. साडेपाच किलोची वजनमर्यादा असते म्हणून तेवढी जड रायफल घेतली पाहिजे असं समजून बारा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर पाच किलो टाकणारे आईवडील मी पाहिलेत. चाळीसाव्या गोळीपर्यंत तिची कंबर थरथरायला लागते आणि मग ती म्हणते, रायफल हलते. हलतेच ती, खोटं नाही बोलत पोरगी. तिला ज्युनिअर स्टॉकची, साडेतीन-चार किलोची द्या.

पण दहातून एकदा पोरगं बरोबर असतं. एका मुलानं महिनाभर तक्रार केली, आम्ही सगळे त्याला श्वास सुधारायला सांगत राहिलो. शेवटी क्रोनोग्राफ लावला तर वेग अकरा मीटरनं वरखाली. रेग्युलेटर. त्याला मी क्लबच्या सगळ्यांसमोर सॉरी म्हटलं, आणि त्या दिवसापासून क्रोनोग्राफ कपाटाच्या वरच्या खणातून खालच्या खणात आणून ठेवलाय, पोरांचा हात पोचेल असा.